ग्रुप फुटला तर आधी स्क्रू तपासा

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्य आणल्यापासून नवीन मुलांचे पालक मला एकच विचारतात, ‘कंपनीची रायफल आहे तशीच चालेल, की काही बदलून घ्यावं लागेल?’ दहा मीटर एअर रायफलपुरतं सांगतो. काही बदलू नका.

माझ्या रायफलीच्या पेटीत कारखान्याचं टेस्ट कार्ड होतं. रायफल शिकंज्यात आवळून मारलेले पाच पेलेट (छर्रे) आणि जवळपास एकच भोक. भोकांच्या अशा पुंजक्याला ग्रुप म्हणतात; भोकं विखुरली की ग्रुप फुटला. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर, पेलेट साडेचार मिलिमीटरचं. रायफल काय करू शकते याचा पुरावा हातात होता, तरी मी तिच्यावरच संशय घेतला.

बालेवाडीच्या मॅचला एसटीनं जायचं म्हणून मी डायऑप्टर, म्हणजे डोळ्याजवळची नेम धरायची साइट, काढून वेगळा ठेवला आणि तिथं घाईत पुन्हा बसवला. त्यानंतर 612 चा स्कोर 600 च्या खाली आला. एक शॉट 10.6, पुढचा 9.3, कधी डावीकडे, कधी वर. मी शॉटगणिक क्लिक देत, म्हणजे डायऑप्टरचा नॉब एकेक खाच फिरवून नेम सरकवत बसलो. दोन डावीकडे, पुढच्याला तीन उजवीकडे. अडीच महिने यात गेले, म्हणून हे नीट समजून घ्या. क्लिकनं ग्रुप सरकतो, लहान होत नाही. एका शॉटवर क्लिक दिलात तर कदाचित स्वतःच्या श्वासाची चूक रायफलीत भरताय. आधी पाच शॉट मारा. पाचही एकत्र, पण बाजूला पडले तरच क्लिक द्या. विखुरलेत? मग नॉबला हातसुद्धा लावायचा नाही.

त्यात मी त्याच आठवड्यात पेलेट बदलले, ट्रिगरचं वजन बदललं, गाल टेकवायचा चीकपीस वर घेतला. आता बिघाड कशात, हे कळणार कसं? एका वेळी एकच बदल करायचा आणि तो तारखेसह वहीत लिहायचा. एका विक्रेत्यानं तर थेट नवी बॅरल सुचवली. असा सल्ला देणाऱ्यानं तुमची रायफल हातात तरी घेतली का, एवढं बघा.

शेवटी सरांनी रायफल मांडीवर आडवी घेतली. डायऑप्टरचा पाया आणि तो ज्या पट्टीवर बसतो ती रेल यांच्या सांध्यावर माझं बोट ठेवलं आणि डायऑप्टर हलक्यानं दाबला. ‘हितं बघ, लागतंय का बोटाला?’ केसाएवढी हालचाल होती. पकडीचा स्क्रू सैल होता, आणि मी नॉब फिरवायचो तेव्हा अख्खा डायऑप्टरच जागेवरून सरकत होता. म्हणजे मी जितकं दुरुस्त करायला जायचो, तितकं बिघडायचं.

घाबरू नका, यात रायफलीचं काहीच गेलं नव्हतं. स्क्रू मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच आवळला, ग्रुप त्याच संध्याकाळी जुळला. जोर करून आवळाल तर आटे जातील. ट्रिगरचं आतलं मात्र स्वतः उघडू नका.

खर्च करायचाच असेल तर पेलेटवर करा. 4.49, 4.50 मिलिमीटर अशा वेगवेगळ्या हेड साइजचे (पेलेटच्या डोक्याच्या व्यासाचे) वेगवेगळे लॉट, म्हणजे कारखान्याच्या खेपा, रायफल शिकंज्यात लावून मारून बघा. आपल्या बॅरलला जुळेल त्याच लॉटचे डबे घेऊन ठेवा.

स्क्रूच्या डोक्यावरून डायऑप्टरच्या पायापर्यंत आता मी बहिणीच्या लाल नेलपेंटची बारीक रेघ ओढून ठेवली आहे. प्रवासाहून आलो की आधी ती रेघ सरळ आहे का बघतो, मगच हवेचा सिलिंडर लावतो.