पाच वर्षं झाली तरी फाईल माळ्यावर टाकू नका

अण्णांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन मिरजेत झालं तेव्हा ते 58 चे. पाच वर्षं सगळे रिपोर्ट क्लीन, मग काय, पेढे वाटले आणि फाईल गेली माळ्यावर. सातव्या वर्षी खोकला जाईना म्हणून एक्स-रे काढला तर फुप्फुसात डाग. हा आजार परत यायचा तर बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो, पाचनंतर क्वचित, पण येतो, आणि तो आतड्यातच येईल असं नाही, लिव्हर नाहीतर फुप्फुसात जास्त, त्यामुळं पोट साफ होतंय म्हणजे बरंय हा हिशोब चुकतो.

सीईए ही कॅन्सर परत येतोय का याचा अंदाज देणारी रक्ताची तपासणी पहिली 2 वर्षं दर 3 ते 6 महिन्यांनी, मग 5 वर्षांपर्यंत दर 6 महिन्यांनी. सीटी स्कॅन डॉक्टर सांगतील तसा. कोलोनोस्कोपी (दुर्बिणीनं मोठं आतडं आतून बघणं) 1 वर्षानं, चांगली आली तर पुढं 3 वर्षांनी, मग दर 5 वर्षांनी, ही पाच वर्षांनंतरही असते आणि नेमकी हीच लोक विसरतात.

सीईएसाठी एक वही करा, तारीख, आकडा, लॅब. लॅब बदलू नका. आम्ही एकदा घराजवळच्या लॅबला रक्त दिलं, 2.1 चा आकडा 3.4 आला, आठ दिवस कुणाला जेवण गेलं नाही, जुन्या लॅबला परत 2.2. बिडी ओढणाऱ्याचा आकडा तसाही थोडा वर असतो. सलग चढतोय का ते बघायचं. आणि काहींचा आजार येऊनही आकडा हलत नाही, म्हणून वजन उतरणं, खोकला, शौचातून रक्त, कावीळ, यातलं काहीही दिसलं की डॉक्टर गाठा, हळद-दूध पीत बसू नका (सांगलीत हे सांगणारे पोत्यानं मिळतात).

अजून एक, ऑपरेशनचा बायोप्सी रिपोर्ट तर ठेवाच, पण काढलेल्या गाठीचे तुकडे जपलेले मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड कुठायत तेही विचारून ठेवा. डाग जुन्याच आजाराचा की फुप्फुसाचा नवा कॅन्सर हे ठरवायला ते लागतात, औषधं त्यावर बदलतात. ते शोधत आम्ही चार दिवस नुसते हॉस्पिटलच्या खिडक्या फिरलो. एकटा डाग असेल तर बऱ्याचदा ऑपरेशननं काढता येतो, अण्णांचा काढला.

आणि भावंडं-पोरं, तुमची पण कोलोनोस्कोपी 40 ला, किंवा पेशंटला ज्या वयात झाला त्याच्या 10 वर्षं आधी, जे लवकर येईल ते. माझी झाली, आदल्या रात्रीचं ते जुलाबाचं औषध सोडलं तर काही त्रास नाही. धाकटा अजून द्राक्षाची छाटणी होऊ दे म्हणतोय.