हवामान आराखड्यात लोकसहभाग: या चुका टाळा

हवामान बदलाला तोंड देण्याचा आराखडा मंजूर होतो, निधी येतो, यंत्रं येऊन उभी राहतात आणि मग लोक काम अडवतात. ‘लोकांना कळत नाही’ असं म्हणून अधिकारी मोकळे होतात. लोकांना बहुतेक वेळा सगळं नीट कळलेलं असतं. त्यांना विचारलेलं नसतं, किंवा विचारलं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

सगळं ठरल्यावर विचारणं

ही सर्वांत मोठी चूक. जागा, तंत्रज्ञान, ठेकेदार सगळं पक्कं झाल्यावर जनसुनावणी बोलावतात. अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. नुसती माहिती देणं आणि नुसतं मत विचारणं या पायऱ्यांना त्यांनी देखाव्यातच काढलं. आजच्या बहुतेक सुनावण्या तिथेच अडकलेल्या दिसतात.

तुमची सुनावणी कुठे आहे हे तपासायला एक प्रश्न पुरतो: आज सगळ्यांनी ‘नको’ म्हटलं, तर आराखड्यातलं नेमकं काय बदलेल? उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर त्याला सहभाग म्हणू नका.

नॉर्वेतल्या फोसेनमध्ये रेनडिअर पाळणाऱ्या सामी या आदिवासी समाजाच्या कुटुंबांनी पवनचक्क्यांना वेळेवर हरकत घेतली होती. हरकत नोंदवली गेली, काम मात्र थांबलं नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवाने अवैध ठरवले, तोवर १५१ पवनचक्क्या फिरू लागल्या होत्या. वीज स्वच्छ होती, पण चराई गेली ती गेलीच.

उशीर झालाच असेल, तर लपवू नका. काय ठरलेलं आहे आणि काय अजून खुलं आहे, हे पहिल्याच बैठकीत फळ्यावर लिहा. वादाच्या भागातलं काम तोडगा निघेपर्यंत थांबवा.

जे आले तेच ‘स्थानिक’ समजणं

बैठकीला येतात ते सवड असलेले, बोलायची सवय असलेले. १९९१ च्या चक्रीवादळात बांगलादेशात सुमारे १ लाख ३८ हजार माणसं गेली, त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांहून बरंच जास्त होतं. इशारे चारचौघांत पुरुषांपर्यंत पोचत, आणि निवाऱ्यांमध्ये बायकांसाठी वेगळी सोय नसल्याने अनेकींना तिथे जाणं अवघड वाटे. निवारा बांधण्याआधी हे त्यांना विचारलं असतं तर! म्हणून बायकांशी, मजुरांशी, भाडेकरूंशी वेगळं बोला, त्यांच्या सोयीच्या वेळी आणि त्यांच्याच ठिकाणी. रोजंदारी बुडत असेल तर ती भरून द्या.

ऐकून घेऊन गप्प बसणं

फ्रान्समध्ये चिठ्ठीने निवडलेल्या १५० नागरिकांनी २०२० मध्ये हवामान धोरणासाठी १४९ सूचना दिल्या. राष्ट्राध्यक्षांनी तीन वगळता सगळ्या पुढे नेण्याचा शब्द दिला, पण नंतर बऱ्याच सूचना पातळ झाल्या. पुढच्या वर्षी, सूचनांची दखल कितपत घेतली यावर त्याच नागरिकांनी सरकारला गुण दिले: १० पैकी ३.३. सूचना नाकारणं चालतं. मात्र प्रत्येक सूचनेपुढे ‘स्वीकारली’, ‘बदलली’ की ‘नाकारली’, आणि का, हे लिहून परत लोकांपुढे ठेवा. हे कागद तयार करायला दोन दिवस लागतात. गेलेला विश्वास परत यायला वर्षं लागतात.

त्रास इथे, कमाई दुसरीकडे

पवनचक्कीचा आवाज शेजाऱ्याने ऐकायचा आणि नफा दूरच्या गुंतवणूकदाराला, याला विरोध होणारच. डेन्मार्कच्या सामसो बेटावर पवनचक्क्यांची मालकी शेतकऱ्यांनी घेतली, इतर रहिवाशांनी समभाग घेतले. पुढे डेन्मार्कने २००८ च्या कायद्याने नव्या पवनचक्क्यांचे किमान २० टक्के समभाग साडेचार किलोमीटरच्या आतल्या रहिवाशांना देऊ करणं बंधनकारक केलं होतं; तो नियम २०२० पर्यंत होता. हिस्सा आधी ठरवा. आंदोलन सुरू झाल्यावर देऊ केलेला हिस्सा लाच वाटतो.

भाषा

‘शमन’ (तापमानवाढ करणारे वायू कमी करणं), ‘अनुकूलन’ (बदलत्या हवामानाशी जुळवून घेणं) हे शब्द अहवालात ठेवा. बैठकीत पाणी, ऊन, पूर, पीक यांवर बोला.

बैठकीला कोणीच येत नसेल तर?

आणखी फलक लावू नका. मागच्या वेळी जे आले होते त्यांच्या घरी जा, आणि त्यांच्या त्या वेळच्या सूचनांचं काय झालं ते आधी सांगा.