गिअरबॉक्स उतरवण्याआधी

"गिअरबॉक्स गेला, खाली घ्यावा लागेल." गॅरेजात जेमतेम आठ महिने झाले होते, तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला हे छातीठोकपणे सांगितलं. गाडी चार गिअरची ऑटोमॅटिक, वय पंधराच्या पुढं. सिग्नलवरून निघताना जड, आणि कितीही पळवा, गिअर बदलायचं नाव नाही. गिऱ्हाईक बिचारं नाना पेठेत जुन्या गिअरबॉक्सचा भाव विचारून आलं. मी दीड दिवस खपून गिअरबॉक्स उतरवला.

वस्ताद गावाहून आले ते थेट वायरिंगपाशी. बोटांनी चाचपत एका जागी थांबले. आउटपुट स्पीड सेन्सरची, म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची, वायर उंदरानं कुरतडली होती, आतली तांब्याची तार हिरवी पडलेली.

"थर्डला अडकली की आधी वायरिंग बघायचं. स्कॅनर काय कपाटात पूजेला ठेवलाय?"

आयटीआयला दोन वर्षांत मॅन्युअल गिअरबॉक्स आम्ही इतक्यांदा उघडला की "उघडून बघू" ही सवयच लागली. ऑटोमॅटिकला ती नडते. सेन्सरचा भरवसा उरला नाही की कॉम्प्युटर सोलेनॉइडचा (गिअर बदलणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हचा) करंट तोडतो आणि गाडी एकाच गिअरमध्ये, बऱ्याचदा थर्डमध्ये, अडकवून ठेवतो. घरापर्यंत पोहोचता यावं एवढीच ती सोय. स्कॅनरवर पी०७०० हा दोषाचा कोड दिसला तर तिथंच थांबू नका. गिअरबॉक्सची काहीतरी तक्रार आहे, एवढंच तो सांगतो. खालचा कोड वाचा. पी०७२० असेल तर आउटपुट सेन्सर किंवा त्याची वायर.

त्याच्याही आधी ऑइल. गाडी सपाट जागेवर, पंधरा-वीस मिनिटं फिरवून गरम केलेली. ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांवरून फिरवून परत पार्कमध्ये, आणि बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक काढायची. काहींत बंद करून बघतात, काहींना डिपस्टिकच नसते, म्हणून गाडीचं माहितीपुस्तक, म्हणजे मॅन्युअल, उघडायचा कंटाळा करू नका. मी एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाकतो. लालसर पसरला तर ठीक. तपकिरी, मध्ये काळा ठिपका आणि करपलेला वास आला, तर क्लच प्लेटा जळतायत. दुधाळ गुलाबी असेल तर रेडिएटरमधल्या कूलरमधून कूलंट आत शिरलंय. ती गाडी ट्रायललासुद्धा काढू नका.

बदलताना सगळं ऑइल निघत नाही, बरंच टॉर्क कन्व्हर्टरमध्येच (इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात) राहतं. मॅन्युअलमधला पूर्ण आकडा बघून डबा ओतणारे मी पाहिलेत. लेव्हल आधी बरोबर होती ना? मग जितकं निघालं तितकंच मोजून भरा, आणि पुन्हा तपासा. चेंबरच्या, म्हणजे खालच्या ऑइलच्या तव्याच्या, मॅग्नेटवर काजळासारखा राखाडी थर असणारच. धातूचे तुकडे हाताला लागले, तर मात्र गिअरबॉक्स उतरवायची तयारी करा.

साठ-सत्तरच्या एका स्पीडला गाडी रंबलरवरून गेल्यासारखी थरथरते, तेव्हा लोक प्लग बदलत सुटतात. मोकळ्या रस्त्यावर ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकला जरासा स्पर्श करा, फक्त ब्रेक लाइट लागेल इतका. लॉक-अप, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरमधला इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच, सुटतो. थरथर लगेच थांबली तर लॉक-अपचा किंवा ऑइलचा दोष. तशीच राहिली तर प्लग-कॉइल बघा.

लिव्हर डीमध्ये (ड्राइव्ह) टाकल्यावर झटका बसतो? बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, ब्रेकवर भरवशाचा माणूस बसवा, आपण बाजूला उभं राहा. डी आणि आर (रिव्हर्स) आलटून-पालटून टाकताना इंजिन जागेवरून उचललं गेलं तर फाउंडेशन, म्हणजे इंजिनाचा रबरी आधार, फाटलंय. झटका नाही, पण पकडायलाच दीड सेकंदाहून जास्त लागतो, तेव्हा ऑइलचं प्रेशर कमी आहे असं समजा.

स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक दाबून गाडी गिअरमध्ये असताना पूर्ण रेस देणं, नव्या पोरांनी एकट्यानं करू नये, हे माझं ठाम मत. पाच सेकंदांच्या वर रेटली की ऑइल भाजून निघतं.

त्या गाडीची वायर जोडायला वीस मिनिटं लागली. गिअरबॉक्स परत चढवण्यात माझा सबंध दिवस गेला, आणि उतरवण्या-चढवण्याची मजुरी वस्तादांनी घेऊ दिली नाही. बोल्ट आवळण्याआधी टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या ऑइल पंपात पुरता बसलाय का, हे मात्र तीनदा बघायला लावलं. अर्धवट बसला असता तर पंप फुटला असता, आणि माझं पहिलं वाक्य खरं झालं असतं.