जुन्या म्युझिक सिस्टिमवर वाजणारी सीडी

एमपी३ गाण्यांची सीडी संगणकावर छान वाजायची, जुन्या म्युझिक सिस्टिममध्ये घातली की नुसतं ‘नो डिस्क’. तिला एमपी३ फाइल्स कळत नाहीत, दुकानात मिळते तशी ऑडिओ सीडीच लागते. सीडीवर गाणी लिहिणारं आधीचं बर्निंग सॉफ्टवेअर भलतंच जड, वर त्यात ऑडिओ सीडीचा पर्याय कुठे दडलाय तेच सापडेना. ते काढून सीडीबर्नरएक्सपी टाकलं. फुकट आहे, आणि उघडताच डेटा डिस्क की ऑडिओ डिस्क असं सरळ विचारतं. ऑडिओ निवडलं की एमपी३चं रूपांतर तेच करतं. फक्त इथे ७०० एमबीचा हिशेब सोडायचा आणि ८० मिनिटं मोजायची. गाण्यांमधली शांतता काढून टाकायची सोयही आहे. मैफलीच्या रेकॉर्डिंगला तर हवीच. लिहिण्याचा वेग कमी ठेवून डिस्क फायनलाइज केली, म्हणजे पुढे काही भरता येणार नाही अशी बंद केली, सिस्टिमवर लगेच वाजली. पुसून पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू डिस्क मात्र जुने प्लेअर बरेचदा ओळखत नाहीत, एकदाच लिहिता येणारी साधी सीडी-आरच घ्या.