क्लिप आली, आवाज कुठे गेला?

नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीत ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळीच ऐकू येत नसेल, तर त्या व्हिडिओत उरतं काय? एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये घेतलेली क्लिप मुकी निघाली की पोटात गोळा येतो. पण बहुतेक वेळा आवाज फाइलमध्ये असतोच, फक्त सॉफ्टवेअरला तो वाचता येत नाही. म्हणून कॅमेऱ्याचं मूळ मेमरी कार्ड फॉरमॅट करू नका आणि सेटिंग्जना इतक्यात हात लावू नका.

आधी तीच फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये लावा. तिथेही आवाज नसेल तर कंट्रोल आणि जे ही बटणं एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत ऑडिओची नोंदच नसेल, तर आवाज मुळात रेकॉर्ड झालेला नाही. फुटाळा तलावावर ड्रोन उडवून घेतलेले शॉट, टाइमलॅप्स आणि कित्येक कॅमेऱ्यांचं स्लो मोशन असंच मुकं असतं. तिथे वेळ घालवू नका.

व्हीएलसीत आवाज आला तर एडिटिंगमध्ये दुसरी एखादी जुनी क्लिप वाजवून बघा. तीही मुकी असेल तर दोष क्लिपचा नाही. एचडीएमआय केबलने मॉनिटर जोडला की एडिटिंग सॉफ्टवेअर कधी कधी आवाज मॉनिटरकडे पाठवतं आणि बऱ्याच मॉनिटरना स्पीकर नसतो. सॉफ्टवेअरच्या ऑडिओ हार्डवेअर सेटिंगमध्ये आउटपुट म्हणून तुमचा स्पीकर किंवा हेडफोन निवडा.

फक्त नवी क्लिपच मुकी असेल तर टाइमलाइनकडे, म्हणजे क्लिप ओळीने मांडतात त्या पट्टीकडे बघा. अडोबी प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये डाव्या कडेचा ए१ निळा नसेल तर क्लिपचं चित्र तेवढं खाली येतं, आवाज मागेच राहतो. तो चालू करून क्लिप पुन्हा टाका. मोठी फाइल नुकतीच घेतली असेल तर थोडं थांबा, प्रीमिअर आवाजाची वेगळी फाइल तयार करत असतं. ते काम अर्धवट अडकलं असेल तर प्रेफरन्सेसमधून मीडिया कॅश, म्हणजे प्रीमिअरने बनवलेल्या तात्पुरत्या फाइल पुसा आणि प्रोजेक्ट पुन्हा उघडा. मूळ क्लिपला काही होत नाही.

एवढं करूनही शांतताच असेल तर कोडेक, म्हणजे आवाज कुठल्या प्रकारात साठवलाय ते बघा, तो व्हीएलसीच्या त्याच चौकटीत लिहिलेला असतो. व्हॉट्सॲपचे व्हॉइस मेसेज ओपसमध्ये असतात, जुन्या मोबाइलचं रेकॉर्डिंग एएमआरमध्ये. हे दोन्ही प्रकार प्रत्येक सॉफ्टवेअर घेतंच असं नाही. लिनक्सवर दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरला तर एएसी हा नेहमीचा प्रकारही चालत नाही. उपाय एकच: शटर एन्कोडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाका, फंक्शनच्या यादीत वेव्ह (WAV) निवडा आणि आवाज ४८,००० हर्ट्झवर वेगळा काढा. ती वेव्ह फाइल क्लिपच्या खाली, सुरुवातीला सुरुवात जुळवून ठेवा आणि दोन्ही लिंक करा. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) बदलता असणाऱ्या मोबाइलच्या क्लिपमध्ये पुढे जाऊन ओठ आणि शब्द जुळेनासे होतात. तिथे आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून कायम फ्रेम रेटची प्रत करून घ्या.

एक दोष मात्र भल्याभल्यांना चकवतो. लग्नात ऑर्केस्ट्राच्या मिक्सरमधून थेट कॅमेऱ्याच्या माइक जॅकमध्ये आवाज घेतला, टाइमलाइनवर लाटा दिसतात, हेडफोनवर गाणंही ऐकू येतं, जरा पोकळ वाटतं इतकंच. एकाच स्पीकरच्या मोबाइलवर लावलं की गाणं गायब! मिक्सरचं बॅलन्स्ड आउटपुट (एकच आवाज सरळ आणि उलट अशा दोन तारांतून पाठवणारं) कॅमेऱ्याच्या स्टिरिओ जॅकला जोडलं की डाव्या-उजव्या चॅनेलमध्ये तोच आवाज एकमेकांच्या उलट जातो. मोबाइल दोन्ही चॅनेल एकत्र करतो आणि ते एकमेकांना खोडून टाकतात. प्रीमिअरमध्ये ‘फिल राइट विथ लेफ्ट’ हा इफेक्ट लावा, रिझॉल्व्हमध्ये क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये जाऊन क्लिप मोनो करा आणि एकच चॅनेल ठेवा. पूर्ण व्हिडिओ एक्स्पोर्ट करण्याआधी तेवढाच भाग एक्स्पोर्ट करून एकाच स्पीकरच्या मोबाइलवर, हेडफोन न लावता ऐकून घ्या.