हॉट टबचा एमसीबी पडायचा तेव्हा

टब सुरू केला की चाळीसेक मिनिटांनी ३२ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप वीज तोडणारा ब्रेकर, पडायचा. "मोठा बसवून टाका," असा सल्ला मिळाला. तो मी ऐकला नाही, हे बरंच झालं. कारण एमसीबी टबला नव्हे, वायरला वाचवतो. वायर बारीक ठेवून ब्रेकर मोठा केला की आधी वायर तापते, ब्रेकर गप्प बसतो.

टबवरची पाटी वाचली: हीटर ५.५ किलोवॅट, पंप १.५. एकूण ७००० भागिले २३०, म्हणजे साधारण ३०.४ अँपिअर, तेही तासन्‌तास. अशा सलग लोडसाठी मी सव्वापट धरतो, म्हणजे ३८. म्हणून ४० चा एमसीबी. पण आधी वायर! मेन बंद करून डबा उघडला तर टर्मिनलपाशी ४ चौरस मिलिमीटरच्या वायरचं लाल इन्सुलेशन तपकिरी पडून कडक झालेलं. बोटाने दाबताच त्याचा तुकडा निघाला. अंगावर काटा आला.

बोर्डापासून टब २८ मीटरवर. पाईपमधून जाणारी वायर आणि एवढं अंतर बघून तांब्याची १० चौरस मिलिमीटर घेतली. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच. पाण्यात माणूस बसणार असेल तर तो हवाच. आयसोलेटर, म्हणजे टबची वीज पूर्ण तोडणारा स्विच, टबमधून हात पोचणार नाही, पण नजरेत राहील असा लावला. अर्थिंग तपासणं आणि जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घेतली.

आता हीटर आणि पंप दोन तास एकत्र चालतात, टर्मिनल जेमतेम कोमट लागतं.