मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर डेड एंड बसवताना: बफर स्टॉप निवडणं आणि जोडणं

साइडिंग, म्हणजे गाड्या उभ्या करायचा बाजूचा रूळ, संपते तिथे काहीतरी उभं करायचं म्हणून बरेच जण सेटसोबत आलेला प्लास्टिकचा बफर स्टॉप, म्हणजे गाडी अडवणारा अडसर, दाबून बसवतात. दोन-चार धडका बसल्या की तो निखळतो, नाहीतर डबा त्याच्यावर चढून रुळावरून उतरतो. दोष क्वचितच प्लास्टिकचा असतो. स्टॉपची आडवी पट्टी आणि डब्याचे बफर (टोकाला धक्का झेलणारे गोल) एका उंचीवर नसतात, म्हणून हे होतं. तेव्हा कॅटलॉगमधलं चित्र पाहण्याआधी मोजपट्टी घेऊन मोजायला बसा.

इथली मापं एचओ स्केलमधल्या, म्हणजे १:८७ मधल्या भारतीय ब्रॉडगेजची आहेत. खऱ्या गाडीत दोन बफरांच्या मध्यांमधलं अंतर १९५६ मिमी असतं आणि रुळाच्या माथ्यापासून बफरची उंची जास्तीत जास्त ११०५ मिमी. मॉडेलवर ती मापं २२.५ मिमी आणि १२.७ मिमी होतात. युरोपियन एचओमध्ये तेच अंतर २० मिमी भरतं, त्यामुळे तिकडचा स्टॉप घेतलात तर आपल्या डब्याचे बफर पट्टीच्या टोकांवर जेमतेम टेकतात. गंमत म्हणजे ब्रिटिश ओओ स्केलचं अंतर २२.८ मिमी आहे, म्हणजे रुंदीला ओओचा स्टॉप आपल्याला जवळजवळ तंतोतंत बसतो. फक्त त्याची उंची १३.८ मिमीच्या हिशेबाने धरलेली असते, ती मिलिमीटरभर खाली आणावी लागते. पट्टी किमान २९ मिमी रुंद हवी. दोन रुळांमधलं अंतर मात्र सगळीकडे १६.५ मिमीच. ब्रॉडगेजला खरं तर १९.३ मिमी हवं, पण ही तडजोड बहुतेक सगळे स्वीकारतात.

उंची तपासायला डब्याच्या बफरांना ओल्या कुंकवाचं बोट लावा, डबा हळूच ढकलून स्टॉपला टेकवा आणि मागे घ्या. लाल ठिपके पट्टीच्या मधोमध उमटले तर ठीक. वरच्या काठावर उमटले तर पट्टी खाली पडतेय आणि डबा चढणार. ठिपके उमटलेच नाहीत तर बफरांच्या आधी कपलर (डबे जोडणारा आकडा) आदळतोय. मॉडेलवर कपलर बफरांच्या पुढे आलेला असतो. नकल कपलरची (मुठीच्या आकाराच्या कपलरची) मध्यरेषा रुळापासून ९.९ मिमीवर येते, म्हणून पट्टीची खालची कड निदान ११.५ मिमीवर ठेवा आणि दोन्ही पायांमधली जागा मोकळी सोडा. कपलर पट्टीखालून आत जाऊ द्यायचा.

तयार स्टॉप नको असेल तर उरलेल्या रुळांपासून घरी करता येतो, आणि दिसायला तोच सर्वांत खरा. कोड ७५ चा रूळ घ्या (कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत). त्याची उंची १.९ मिमी, म्हणजे खऱ्यात १६५ मिमी. आपला मीटरला ५२ किलोचा रूळ १५६ मिमीचा आणि ६० किलोचा १७२ मिमीचा, म्हणजे हा बरोबर मधे बसतो. कोड १०० मात्र फारच जाडजूड दिसतो. दोन उभे पाय, मागून दोन तिरके टेकू आणि पुढे ३ मिमी जाडीची लाकडी पट्टी, एवढीच रचना. जोडायला ४० वॅटचं सोल्डरिंग आयर्न आणि रोझिन फ्लक्स वापरा. कमी वॅटचं आयर्न जास्त वेळ टेकवावं लागतं आणि खालचे प्लास्टिकचे स्लीपर वितळतात. जोडाच्या दोन्ही बाजूंना रुळावर ओल्या टिश्यूच्या घड्या ठेवल्या की उष्णता पुढे पळत नाही. ॲसिड फ्लक्स वापरलाच तर काम झाल्यावर पाण्याने धुवा, नाहीतर पावसाळ्यात सगळं हिरवं पडतं.

धातूचा स्टॉप दोन्ही रुळांना जोडतो, म्हणजे सरळ शॉर्ट सर्किट. पुढची पट्टी लाकडाची असली तरी मागचे टेकू एकमेकांना टेकले की काम बिघडलंच. सोपा उपाय म्हणजे स्टॉपच्या १५ मिमी आधी दोन्ही रुळांना बारीक करवतीने खाच पाडा, तीत प्लास्टिकचा तुकडा सुपरग्लूने बसवा आणि तासून रुळाच्या माथ्याशी सपाट करा. मोकळी ठेवलेली खाच उन्हाळ्यात रूळ वाढून मिटते आणि मग शॉर्ट कुठे आहे ते शोधत बसावं लागतं. शेवटच्या दोन स्लीपरना खिळे मारा, म्हणजे धडकेचा जोर रुळाच्या जॉइनरवर जाणार नाही. रुळाचं टोक आणि बोर्डाची कड किंवा भिंत यांच्यात मिलिमीटरभर जागा सोडा.

जागा ठरवताना सर्वांत लांब गाडी साइडिंगवर उभी करून पाहा. पॉइंटवरची (रूळ फुटतो त्या सांध्यावरची) दुसरी गाडी तिला न घासता गेली पाहिजे. इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला न्यायचं असेल तर स्टॉप आणि पॉइंट यांच्यात इंजिनाची पूर्ण लांबी आणि वर ३ सेंटिमीटर हवेत. डब्ल्यूडीएम-२ ला हे माप सुमारे २३ सेंटिमीटर होतं, डब्ल्यूएपी-७ ला २७ च्या आसपास. स्टॉप चिकटवण्याआधी दोन दिवस नुसता ठेवून गाड्या चालवा. चिकटवायला फेव्हिकॉल पुरे. सुपरग्लूने प्लास्टिकवर पांढरट साय येते आणि पुढे स्टॉप काढायचा झाला तर रूळही सोबत उखडतो.

बफर स्टॉप ब्रेक नव्हे. चर्चगेटला २०१५ मध्ये लोकल डेड एंड ओलांडून प्लॅटफॉर्मवर चढली होती, तिथे तर बफर खरेखुरे होते. डीसी लेआउटवर, म्हणजे रुळातल्या विजेनेच वेग आणि दिशा ठरते तिथे, इंजिन त्याआधीच थांबवता येतं. एका रुळाला खाच पाडा आणि तिच्यावरून १एन५४०१ हा डायोड (एकाच दिशेने वीज सोडणारा भाग) जोडा. इंजिन आत येताना वीज तुटते, उलट्या दिशेला मिळते. आत येताना थांबलं नाही तर डायोड फिरवून लावा. मागचं चाक खाच ओलांडेपर्यंत इंजिनाला वीज मिळत राहते, म्हणून खाच ते स्टॉप हे अंतर पहिल्या आणि शेवटच्या चाकांमधल्या अंतरापेक्षा १० ते १५ सेंटिमीटर जास्त ठेवा. फ्लायव्हील (वीज तुटल्यावरही फिरत राहणारं जड चाक) असलेल्या इंजिनाला त्याहून जास्त लागतं. इंजिन मागून डबे ढकलत असेल तर या डायोडचा काही उपयोग नाही. डीसीसीवर, म्हणजे डिजिटल नियंत्रणाच्या लेआउटवर, तर तो लावूच नका.

रात्रीसाठी ३ मिमीचा लाल एलईडी लावायचा असेल तर १२ व्होल्टच्या वेगळ्या अडॅप्टरवरून द्या, १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून. रुळावरून दिला तर गाडीच्या वेगाबरोबर तो मिणमिणतो आणि दिशा बदलली की विझतो.

स्टॉपच्या जागी वाळूचा ढीग करायचा असेल तर वाळू मलमलीतून चाळा आणि एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब असं मिश्रण ड्रॉपरने सोडा. रत्नागिरीकडच्या किनाऱ्याची वाळू आणली असेल तर आधी तिच्यावरून लोहचुंबक दोन-तीनदा फिरवा. त्या काळ्या कणांत लोह असतं, आणि इंजिनाच्या मोटारीतलं चुंबक ते नेमकं वर ओढून घेतं.